परदेशी फिनिश

डोंबिवली (पूर्व),
६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. योगिनीताईस,
विनीतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तू उघडत नाहीस, म्हणून पोस्टाला कामाला लावतो आहे. दर्शना बरी आहे. माझ्या योयोंच्या कपाटापायी साड्या पलंगाखाली ठेवाव्या लागतात, ही तिची जुनी तक्रारही ठणठणीत आहे.

आता मुद्दा. पुण्याहून हर्षित नावाचे मोठे संग्राहक माझे योयो पारखायला येत आहेत. पसंत पडला तर माझा अ‍ॅल्युमिनियमचा योयो त्यांच्या प्रदर्शनात मधल्या काचेत बसेल, खाली माझं नाव. तोच, अठ्ठ्याण्णव साली जयेशने अमेरिकेहून आणून दिलेला. पारख कशावर होते ते तुला शंभरदा सांगितलंय: ओरखडा नको, दोन्ही चकत्या मूळच्या हव्यात आणि खोकाही मूळचा हवा. मी तर सत्तावीस वर्षांत तो फिरवला नाही की उघडला नाही.

खोका मात्र तुझ्याकडे राहिला. २००३ साली आमच्या घराचं रंगकाम चालू असताना योयो तुझ्याकडे ठेवला होता, तेव्हापासून. भावजींनी त्यात खिळे भरले असतील तर आत्ताच सांग. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, वाईट बोलू नये, पण नाजूक वस्तू त्यांच्या हातात द्यायची मला कायम धास्ती वाटे. सगळा जन्म कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात लेथवर लोखंड कापण्यात गेला. त्यांना यातलं काय कळणार?

लोभ आहेच, खोका सापडला तर आणखी वाढेल.

तुझा,
विनीत


नौपाडा, ठाणे,
१२ सप्टेंबर २०२५

चि. विनीतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. साठीला आलास तरी खेळण्यासाठी बहिणीला पत्र लिहितोस. आई असती तर तिने ते शेजारणींना वाचून दाखवलं असतं.

खोका आहे. खिळे नाहीत, पण झाकणावर हळदकुंकवाचा डाग आहे. योयो आमच्याकडे असताना खंडेनवमी आली. हे दरवर्षी मायक्रोमीटर, हातोडी, छिन्नी पाटावर मांडून पूजा करत. त्या वर्षी तुझा योयोही खोक्यासकट मांडला. मी म्हटलं, अहो, खेळणं आहे ते. तर यांचं म्हणणं, इतकी नीट घडवलेली वस्तू हत्यारांतच बसते. डाग बघून तू गळा काढशील म्हणून मी खोका लपवला. आता बावीस वर्षांनी काढ.

खोका कुरिअरने पाठवते. एक ऐक. योयो आहे तसा बंदच दाखव, कुणाला उघडू देऊ नकोस. कारण विचारू नकोस.

आणि यांना काय कळणार, हे तुझं वाक्य मला लागलं. फार लागलं. दर भाऊबीजेला तू तो योयो रुमालात गुंडाळून आणायचास, हातात न देता लांबूनच दाखवायचास, आणि यांना सांगायचास की असलं काम आपल्याकडे जन्मात व्हायचं नाही. हे मान डोलवत करंजी खायचे. आठवत असेल तर आठव.

आशीर्वाद आहेत, जरा ओरखडा पडलेले.

ताई


डोंबिवली,
२६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल हर्षित येऊन गेले. तुझा खोका त्यांनी हुंगला आणि वहीत ‘धार्मिक डाग’ असं लिहिलं. तिथपर्यंत ठीक होतं.

मग ते योयो उघडा म्हणाले. जगात नाव असलेल्या माणसाला, माझी ताई नको म्हणते, असं कसं सांगू? उघडला. अशा योयोच्या दोन्ही चकत्यांना आतून क्रमांक कोरलेला असतो. एकीला होता. दुसरी कोरी. म्हणजे दुसरी चकती मूळची नाही, मागाहून कुणीतरी केलेली, आणि संग्रहाच्या दृष्टीने योयोची किंमत संपली. त्याआधी पाऊण तास मी त्यांना नेमकी तीच चकती पुढे धरून परदेशी फिनिश समजावून देत होतो. ते फार सभ्य गृहस्थ आहेत, हसले जिन्यात.

हे काम जयेशचं. बालमित्र म्हणवतो आणि नकली माल गळ्यात मारतो. दर दसऱ्याला मी त्याच्या घरी सोनं द्यायला जातो. यंदा आपट्याच्या पानाऐवजी हातात पत्र देणार आहे, संबंध संपल्याचं. लिहून तयार आहे.

तुझा लोभ तरी अस्सल असावा.

विनीत


नौपाडा,
२९ सप्टेंबर २०२५

चि. विनीतास,
अ. उ. आ.

हे पत्र तळमजल्यावरच्या संचिताबरोबर पाठवते. ती डोंबिवलीच्या शाळेत शिकवते, उद्याच तुला मिळेल. जयेशला तुझं ते पत्र दिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

योयो मी पाडला. त्या वर्षीच्या पूजेनंतर पुसायला घेतला आणि पाट्यावर आदळला; चकतीची कड चेपली. मी रडत बसले, कारण तू वर्षभर बोलणार नाहीस हे ठाऊक होतं. यांनी माप घ्यायला मायक्रोमीटर काढला. चार रविवार कल्याणला मित्राच्या, गणूभाऊंच्या, लेथवर घालवले. दोन चकत्या बिघडल्या, तिसरी जमली. गणूभाऊ म्हणाले, आतला नंबरही टाकून देऊ. हे नको म्हणाले. वस्तू तशीच्या तशी करीन, पण दुसऱ्याचा नंबर माझ्या कामावर घालणार नाही, असं म्हणाले. आणि तुला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. ती आज मोडली.

भाऊबीजेला तू गेलास की हे मला विचारायचे, काय म्हणाला गं तो, परत सांग. मी परत सांगायची. मग आठवडाभर स्वारी खुशीत.

चेपलेली चकती माझ्या देवघरात आहे. हवी तर ने.

ताई


डोंबिवली,
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. ताईस,
कान धरून शि. सा. न. वि. वि.

जयेशला सोनं दिलं. पत्र फाडलं. तो मला चहा पाजून दर्शनाला म्हणाला, हा आज इतका गोड का वागतोय?

हर्षितांचा फोन होता. मूळची चकती मिळाली तर पुन्हा विचार करू म्हणाले. नाही म्हटलं. तुझी चेपलेली देवघरातच राहू दे.

परवा खंडेनवमीला माझ्या घरात मांडायला हत्यार एकच निघालं. योयो पाटावर ठेवला आणि भावजींच्या चकतीला हळदकुंकू लावलं. मग नवी दोरी बांधून फिरवला. इतकी वर्षं इतका मोठा तज्ज्ञ असून मला माहीत नव्हतं, तो जराही थरथरत नाही. दर्शनाने हात पुढे केला, तिलाही दिला. मी रडलो, असं ती सांगेल. खरं आहे.

भाऊबीजेला येतो. भावजींच्या फोटोपुढे योयो ठेवून ‘असलं काम आपल्याकडे जन्मात व्हायचं नाही’ हे वाक्य पुन्हा म्हणणार आहे, दोनदा. शब्द तेच ठेवतो. त्यांना तेच आवडायचे.

तुझा,
विनीत (पारखी, निवृत्त)