चोराला आवडलेले टाके

आप्पा, घरात तुला जन्मभर अरे-तुरे केलं. आता कागदावर 'आपण' लिहिलं तर तूच मागे वळून बघशील, कोण पाव्हणं आलं म्हणून. तेव्हा 'तू'च बरा. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुझी गाडी अजून चालते. तू दोन गोष्टी मागे ठेवल्यास, गाडी आणि तडकलेलं प्लास्टिक शिवायचं उधन्याचं दुकान. दादा म्हणाला, "हिला शाळेत जायला गाडी होईल, दुकान माझी बायको बघतेच आहे." मला मोठी वस्तू मिळाली असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आठवडाभर. मग तुला काका म्हणणारे लोक वहिनीला 'काकांच्या दुकानातल्या भाभी' म्हणायला लागले आणि मला 'ती जुन्या पांढऱ्या गाडीवाली टीचर', तेव्हा वाटणी काय झाली ते कळलं.

मागच्या महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूची मूठ, दार आतून ओढून घ्यायला जिथे हात घालतो ती, माझ्या हातात आली. शाळेच्या फाटकासमोर, सातवीचे अर्धे पालक बघत असताना. त्यानंतर पंधरा दिवस मी काच खाली करून, दाराची कड धरून दार लावत होते. वहिनीचं दुकान शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. गेले नाही. कारण ती मूठ तुला आठवत असेल: तू जायच्या आदल्या वर्षी आईने उतरताना तिच्यावर सगळा भार टाकला आणि ती तडकली. तू दाराचं अख्खं पॅड उतरवून दुकानात नेलंस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून बसवलंस, आणि म्हणालास, "व्हयनं." झालं, एवढंच. बाहेरून भेग शोधूनही सापडेना. म्हणजे त्या पॅडच्या मागे तुझ्या हातचे टाके होते. तुझ्या हातचं माझ्याकडे उरलेलं तेवढंच, आणि ते त्या बाईने उघडावं हे मला सहन होणार नव्हतं.

म्हणून मीच हत्यार उचललं. मोबाईलवर एक गोरा माणूस हसत हसत दार खोलतो, जणू केळं सोलतोय. मीही खालून बोटं घातली आणि ओढलं. कट, कट, कट, असे तीन आवाज आले. ते तीन क्लिपा तुटल्याचे होते. चौथा आवाज पॅडच्या खालच्या कडेचा. स्क्रू टोपीखाली लपवलेले असतात, ते आधी काढायचे असतात, हे मला नंतर कळलं. मग घाबरून खोलणं सोडलं आणि मूठ बाहेरूनच चिकटवायला घेतली, त्या झटक्यात चिकटणाऱ्या नळीने. माझी तर्जनी चिकटली, मूठ नाही. सकाळी बघते तर मुठीभोवती काळ्या प्लास्टिकवर पांढरी वाफ बसलेली, बुरशी आल्यासारखी. आणि मी ही अशी बाई, दिवाळी अंकात दरवर्षी 'आपल्या लोकांना साधा खिळा ठोकता येत नाही' या विषयावर लोकांना हसवते.

तू हसू नकोस. तू शिकवलं असतंस तर ही वेळ आली नसती. तू लूमच्या खात्यात फिटर होतास, आणि शेठ नवीन पार्ट आणायचा नाही म्हणून तडकलेलं प्लास्टिक शिवायला लागलास. शेजारच्या जरीवाल्याकडून तांब्याच्या तारेचे तुकडे आणायचास, चार पदर पिळायचास आणि सोल्डरिंग आयर्नने तापवून भेगेवर आडवे टाके बसवायचास, प्लास्टिकच्या आत बुडेपर्यंत. शेठच्या गाडीचा डॅशबोर्ड शिवलास आणि तिथून दुकान झालं. मी स्टुलावर बसून बघायचे. टाक्यांवर भरायला तू बाहेरचं प्लास्टिक कधी आणलं नाहीस. त्याच पार्टच्या पाठीमागची, कोणाला न दिसणारी एखादी पट्टी कापायचास आणि तीच वितळवून पुढच्या भेगेत भरायचास. "मांगलं काढ, पुढलं भर. ज्यानं त्यालेच लागस." मी एकदा आयर्नला हात घातला तर असा ओरडलास की शेजारचा जरीवाला धावत आला. "ठेव ते! तुन्हा हात पेन धराले शेतस." मला शिकवायचं, मोठी करायची, हात काळे होऊ द्यायचे नाहीत. सगळी आळी म्हणायची, बाप असावा तर असा. मीही निबंधात लिहिलं. पण खरं सांगू? त्या दिवशी तू मला पेन दिलं नाहीस, दुकानाबाहेर काढलंस.

माझ्यासाठी तू एकच काम केलंस. सहावीत माझ्या प्लास्टिकच्या कंपासपेटीचं झाकण मधोमध फुटलं होतं. तू रात्रपाळीवरून आलास आणि तोंड धुण्याआधी ते शिवून दिलंस. अकरा टाके होते. सगळे पुढे झुकलेले, बस पकडायला निघालेल्या माणसांच्या रांगेसारखे. मी ते इतक्या वेळा मोजले आहेत की आजही डोळे मिटून काढून दाखवीन. पंधरा दिवसांत ती पेटी शाळेत चोरीला गेली. मी रडत घरी आले आणि तू, रागवायचं सोडून, मांडीवर थाप मारून हसलास. "चोरलेबी मन्हं काम आवडनं!" पुढची कित्येक वर्षं तू ते गिऱ्हाइकांना सांगितलंस. 'माझ्या पोरीची नवी पेटी कोणी नेली नसती, शिवलेली नेली.'

आणि मग वहिनी आली. शिंदखेड्याकडची, दहावी नापास, डावखुरी. आईने पहिल्याच पंगतीत सुनावलं, "डाव्या हातानं वाढशील तर वाढलेलं खाणार कोण?" मी तेव्हा बी.ए.ला होते आणि अशा वाक्यांवर हसण्याइतकी सुशिक्षित होते. दादा पलसाण्याला प्रोसेसिंग हाऊसमध्ये लागला, तुला पार्ट धरायला माणूस नव्हतं, आणि एक दिवस मी कॉलेजातून येते तर वहिनी माझ्या स्टुलावर. दुसऱ्या वर्षी आयर्न तिच्या हातात. डाव्या. तू एकदाही ओरडला नाहीस. मी विचारलं, "हिचे हात काळे झालेले चालतात?" तू म्हणालास, "तिले आवडस." बस, एवढंच. मला आवडतं का, हे तू कधी विचारलं होतंस, आप्पा? परक्या घरची पोर आली आणि तू तिला प्लास्टिक हुंगून ओळखणारं तुझं नाक दिलंस, बोटं दिलीस, आणि मला बी.एड.ची फी.

शेवटी परवा गेले. दार दोरीने बांधून. दुकानात एक यार्नचा दलाल त्याच्या जुन्या गाडीची एसीची जाळी घेऊन बसला होता. वहिनी त्याच्याशी गुजराती बोलते ती त्याच्यापेक्षा बरी. त्याने मला न्याहाळलं. "तमे काकानी दीकरी? काका तो गया ज नथी, बेन. आ भाभीना हाथमां बेठा छे." मी म्हटलं, "हो ना, आम्हाला भेटायलाही इथेच यावं लागतं." त्याला वाटलं मी कौतुक केलं.

वहिनी दारापाशी वाकली. पांढऱ्या डागावर बोट फिरवलं, माझ्या तर्जनीकडे पाहिलं. हसली असती तर बरं. पॅडच्या कडेचा एक कपचा लायटरवर धरून तिने वास घेतला आणि माझ्या नाकाखाली आणला. "मेणबत्तीसारखा येतो ना? याला डिंक धरत नाही, ताई. कितीही महाग आणा."

"मला काय माहीत. मी व्याकरण शिकवते."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. तिला टोमणाही मारता येतो हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

टोप्या काढून स्क्रू काढले, पॅड अलगद आलं, तिने ते टेबलावर पालथं घातलं. मुठीच्या मागे टाके होते. मूठ त्यांच्या बाजूला, नव्या जागी मोडली होती. टाके जसेच्या तसे. मी म्हटलं, "जपून, वहिनी. आप्पांच्या हातचे आहेत." तिचा हात क्षणभर थांबला. "हो," ती म्हणाली. मग तार पिळली, आयर्न घेतलं आणि नव्या भेगेवर टाके घालायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. ते मागे रेललेले होते, जेवण झाल्यावर लोक भिंतीला टेकतात तसे. मी जुन्यांकडे पाहिलं. तेही रेललेले. पुन्हा नव्यांकडे पाहिलं. जुने, नवे, सगळी एकाच पंगतीची मंडळी. बस पकडायला निघालेला त्यात एकही नव्हता.

नऊ वर्षं मी या दारावर हात ठेवून गाडी चालवली, आप्पा. एकदा एक अख्खा लेख लिहिला 'बापाचे टाके' म्हणून, लोकांनी रडून फोन केले. तो लेख वहिनीच्या डाव्या हातावर होता.

"हे जुने कोणी घातले?" मी विचारलं.

"आप्पांनीच. अजून कोण घालणार?" वर न बघता.

"त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता."

"त्यांना बघावं लागायचंच नाही, ताई. बोट फिरवायचे आणि एकच विचारायचे, 'चोर लई जाई का?' तुमची पेटी नव्हती का चोरली शाळेत कोणी? प्रत्येक कामाला तेच. चोराला मोह झाला पाहिजे. नाही वाटलं की सगळं उपटून परत घालायला लावायचे. पहिल्या वर्षी मी एक डॅशबोर्ड चार वेळा घातला. रडायचे मी."

"आणि या मुठीला काय म्हणाले?" मी अगदी साधेपणाने विचारलं. वर्गात कॉपी पकडायचा माझा आवाज असाच साधा असतो.

"'लई जाई' म्हणाले," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती काय बोलून बसली. आयर्न तसंच हवेत राहिलं. मी जिंकले होते, आणि मला काय मिळालं विचारशील तर काहीही नाही. ती खोटं बोलली ते मला तुझे टाके उरावेत म्हणून. एवढा मोठेपणाही तू तिलाच शिकवलास का? माझ्या वाटणीला थोडा ठेवायचा होतास.

पॅडच्या पाठीची एक पट्टी कापून तिने भेग भरली, घासली, माझी पांढरी बुरशीही घालवली. दार लावलं तर असा आवाज आला, जणू गाडी कालच शोरूममधून निघाली. मी म्हटलं, "छान झालं." एवढं म्हणायला मला वीस वर्षं लागली, आणि तेही मी गाडी सुरू केल्यावर म्हटलं, म्हणजे तिला ऐकू आलं की नाही माहीत नाही.

हे पत्र त्या पॅडच्या मागे सरकवून द्यावं असं मनात आलं होतं. पण ते पुन्हा कधी उघडलं तर तीच उघडणार. म्हणून ते सातवीच्या निबंधांच्या गठ्ठ्यात राहील, तिथे कोणी शोधत नाही.

आप्पा, पेटी चोरीला गेली नव्हती. वर्गातल्या मुलींनी विचारलं, "हिचं ऑपरेशन कोणी केलं गं?" आणि सगळा वर्ग हसला. घरी येताना पुलावरून मी ती खाडीत टाकली. मला वाटलं होतं तू रागावशील, दोन धपाटे घालशील आणि विषय संपेल. तू खूश झालास. मग सांगता येईना. परवा दुकानातही वहिनीने विचारलं, "सापडला का हो कधी तो चोर?" तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "नाही, कोण होता कळलंच नाही." तिचं मन मोडू नये म्हणून मी तसं म्हटलं, असं नाही. त्या दुकानात माझा म्हणून तेवढा तो चोरच आहे, तो मी तिला देणार नाही.