डावं दार आणि माझा डिप्लोमा

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी ७.१०
पिकअपचं डावं दार पुन्हा लोंबलं. ते उचलून, खांदा देऊन, वर एक लाथ घालावी तेव्हा लागतं. आज तेवढ्यानेही लागलं नाही. किळस आली. पुढच्या रविवारी, १२ तारखेला, पानिपतहून दिवाळीला विकायच्या चादरी आणायच्या आहेत. एकोणीस वर्षांचा शिरस्ता आहे: गाडी मी चालवतो, डावीकडे बसून भाव कुमुदिनी करते. बायको म्हणून नाही सांगत, भाव ती बरा करते.
ती म्हणाली, अहो, डेंटरकडे नेऊया. म्हटलं, बिल्कुल नाही. मी मेकॅनिकल डिप्लोमा आहे. तो पत्रे ठोकणारा माणूस मावा खाऊन गाडीतच थुंकतो. मीच करणार. उद्या दोन तासांत विषय संपेल.

रविवार, ५ ऑक्टोबर
दोन तास पान्हा शोधण्यात गेले. मयूर विहारच्या या सोसायटीत कोणाची वस्तू जागेवर राहील तर शपथ.

सोमवार, ६ ऑक्टोबर
काम शास्त्रशुद्ध सुरू. बिजागरीचे बोल्ट सैल केले, दाराखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावला, वर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध आला तेव्हाच बोल्ट आवळले. हातभर काळं ग्रीस, नखांत माती, नाकात धूळ. घाणेरडं शहर. पण दार जमिनीशी समांतर. डेंटरच्या बापाला जमलं नसतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
ट्रायल घेतली. दार वरच्या कोपऱ्यात अडकतं आणि लागतच नाही. कुमुदिनी फ्लायओव्हरपर्यंत ते हाताने धरून बसली. परतताना एकही शब्द बोलली नाही. रिक्षावाले मात्र पुष्कळ बोलले.

बुधवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळी
कुमुदिनीचं अल्टिमेटम. उद्यापर्यंत दार नीट झालं नाही तर ती दुरुस्त करून घेईल आणि पानिपतला स्वतः गाडी नेईल. म्हणे लायसन्स दोन वर्षांपासून आहे. आहे खरं, पण मी आजवर तिला स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही. आमच्या गाडीचा क्लच फक्त मलाच कळतो. हसून सोडून दिलं. ती हसली नाही.
मुलगी रेवती म्हणाली, बाबा, यार, डेंटरला फोन करा ना. ‘समांतर’ म्हणजे काय हेही ती मला विचारते, आणि ही मला सल्ला देते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा लेव्हल लावली, बुडबुडा पुन्हा मधोमध. दार पुन्हा लागेना. गेटवरचा गार्ड तासभर बघत होता. शेवटी म्हणाला, अंकलजी, गाड़ी के अगले पहिये तो फुटपाथ पर चढ़े हैं, लेवल कैसे मिलेगा? वर बिजागरीपाशी दार हलवून दाखवलं: कब्ज़े की पिन घिस गई है, देखो कितना हिलता है।
आता गार्ड मला लेव्हल शिकवणार! आमच्या लेनमध्ये गाड्या फुटपाथवर चढवूनच लावतात, ती काय माझी चूक? तिरस्कार वाटला. विचाराअंती निष्कर्ष: माझी लेव्हल खराब आहे. उद्या काश्मिरी गेटला जाऊन दोन फुटी लेव्हल आणणार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
मेट्रोत चेंगरून गेलो, दोन फुटी लेव्हल घेतली. परत आलो तर पार्किंग रिकामं. गाडी चोरीला गेली म्हणून गार्डवर ओरडलो. तो म्हणाला, आंटीजी ले गई हैं, दरवाज़ा रस्सी से बाँधकर, बढ़िया चलाती हैं।
पाऊण तासाने कुमुदिनी आली. डेंटरने बिजागरीच्या पिना आणि बुश बदलले, बोल्ट सैल करून दार चौकटीला जुळवलं, बाकी काही नाही. गाडी तिने एका झटक्यात पार्किंगमध्ये घातली. क्लचचा आवाजसुद्धा झाला नाही.
मूळ अलाइनमेंट माझंच होतं. त्याने फक्त पिना घातल्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर
संकल्प: उद्या पानिपतचा हायवे लागला की स्टिअरिंग मीच मागून घेणार. हायवेवर तिला जमणार नाही, मग कळेल माझी किंमत.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ६.२०
इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेलो. कुमुदिनी ड्रायव्हिंग सीटवर. ठीक आहे, म्हटलं, हायवेपर्यंत डावीकडे बसतो. ती म्हणाली, अहो, त्या सीटवर येताना गठ्ठे ठेवायचेत, दर वेळी मागे जागा कमी पडते. तुम्ही घरीच थांबा, आणि ते दार तेवढं लावा.
मी लावलं. एका बोटाने लागलं.