डाव्या मडगार्डची पट्टी

शिराळा,
१४ जुलै १९४४

प्रिय जोती,

"तू निस्ती वाट सांग, गाडी माझ्यावर सोड." तुझ्या दाजींचे हे वाक्य तुलाही आठवत असेल, कारण तेव्हा तू मागच्या सीटवर डबा आणि पंप सांभाळत बसला होतास. सांगलीच्या वकिलांकडून जुनी गाडी घेऊन आपण शिराळ्याला निघालो तो दिवस. त्यांना मागच्या लढाईत बसऱ्याच्या वाळूत लॉरी हाकायची सवय, पण इकडचा रस्ता माझ्या पायाखालचा. मी डोक्यावरचा पदर दातात धरून पुढे बसले होते आणि आता ओढा येईल, आता चढ लागेल, असे सांगत होते. आष्ट्यात आईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाईमाणसानं म्होरं बसाय तो काय टांगा हाय व्हय?" तेव्हापासून मी मागे बसू लागले. त्याला आता चौदा वर्षे होतील.

इकडची खुशाली अशी की शेजारच्या बशीर शिंप्याची ताहेरा मिरजेच्या दवाखान्यातून परत आली. मुलगा झाला. दोघे बरे आहेत. आणखी दोन तास उशीर झाला असता तर दोघेही हाती लागले नसते, असे तिथल्या नर्सबाई म्हणाल्या. शाळा सुरू झाली आहे. माझ्या वर्गात, पाचवीला, अवघ्या सात मुली. गाडी अजून बंदच, अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. तुझे कार्ड मंगळवारी पोचले. मॅग्नेटो मिळाला आणि शनिवारी, बावीस तारखेला, तू स्वतः तो घेऊन येतोस हे वाचले. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी एक काम कर. गेल्या वर्षभरात दाजींनी गाडीबद्दल तुला जी पत्रे पाठवली ती तुझ्या गॅरेजातल्या तारेला अडकवलेली असतील. ती काढ आणि तारखेप्रमाणे समोर मांड. एकेक सुटे पत्र वाचताना तुझ्या जे लक्षात आले नाही, ते आता येईल. माझ्याही आले नव्हते, आणि मी तर रोज त्यांच्या ताटाशी बसते.

गेल्या दसऱ्याला त्यांनी विचारले की मोठे बल्ब घातले तर बॅटरी किती दिवस टिकेल. त्यानंतर डाव्या बाजूला खाली, रस्त्याची कड दिसेल असा तिसरा दिवा बसवायचा होता. तू तारेचा नकाशा काढून पाठवलास. तो मी त्यांना समजावून सांगितला आणि त्यांनी दिवा बसवलाही. मग मडगार्डच्या कडेला पांढरा रंग, उन्हात पापुद्रे न सुटणारा. संक्रांतीला विचारले, वेग दाखवणाऱ्या मीटरची काच काढून टाकली तर आत धूळ जाईल का. तू थट्टेने लिहिलेस, दाजी, काट्याला हवा हवी का? जोती, त्यांना तो काटा बोटाने चाचपायचा होता. स्टिअरिंगवर वरच्या बाजूला सुतळीची गाठ मारली आहे, चाके सरळ झाली की ती बरोबर अंगठ्याखाली येते. आणि अक्षर बघ. दिवाळीपासून सगळी पत्रे माझ्या हातची आहेत. "मनगट दुखतंय, तू लिही," असे ते पहिल्यांदा म्हणाले. त्याच मनगटाने रोज सकाळी हौदातून वीस घागरी पाणी काढून गाडी धुतात.

तुझ्या आता ध्यानात आले असेल. आमच्या घरात तो शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही. मार्चमध्ये मी हट्टाने त्यांना मिरजेला डोळे दाखवायला नेले. मला बाहेर बसवून ते एकटेच आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "वय झालं म्हणतोय डॉक्टर. दुसरं काय न्हाई." परत येताना बाजारात गाडी थांबवून त्यांनी आणखी मोठा बल्ब घेतला. मी नंतर ताहेराच्या निमित्ताने दवाखान्यात गेले तेव्हा त्या डॉक्टरांना गाठून विचारले. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस राहील हे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. दाजींना समोरचे नळीतून बघितल्यासारखे दिसते, तेही धुरकट. बाजूचे काहीच नाही. डॉक्टरांनी हे सगळे त्यांना मार्चमध्येच सांगितले होते.

मग ते गाडी चालवतात कशी, असे तू विचारशील. मी चालवते. म्हणजे मी पुढे बसते आणि बोलत राहते. गेल्या वर्षी ते आपण होऊन म्हणाले, "मागं एकटी काय बसतीस, ये म्होरं." मला काय वाटले ते तुला कसे सांगू. मी बोलते आणि ते कान माझ्याकडे कलते करून ऐकतात. चौदा वर्षांत माझे इतके कधी ऐकले नव्हते. म्हणून कळत असूनही मी कितीतरी महिने गप्प राहिले. यात माझा वाटा केवढा आहे हे तुला कळावे म्हणून लिहिते. ड्रायव्हर ठेवण्याचे मी दोनदा काढून पाहिले. "माझ्या गाडीवर दुसरा हात न्हाई," एवढेच म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आता ताहेराचा दिवस. पहाटेपासून तिला कळा, सुईणीने हात टेकले, आणि सर्व्हिस मोटार दुपारशिवाय नाही. बशीरची आई झुबेदाचाची दारात येऊन म्हणाली, "आवं हवालदार, बेगीनं काढा गाडी." त्यांनी पेट्रोलच्या उरलेल्या कुपनांचा विचारही केला नाही. मागे ताहेराचे डोके मांडीवर घेऊन झुबेदाचाची, पुढे मी. झिमझिम पाऊस होता. डावीकडे बैलगाडी, उजवीकडे डबके, पुढे चढ, असे माझे चालू होते. ताहेरा कण्हत होती आणि तेवढ्यातही चाची म्हणाली, "मास्तरीणबाई, मोटारीत बी शाळाच घ्येताय व्हय?" तुझे दाजी हसले आणि म्हणाले, "सवय हाय तिला. घरात बी असंच."

पेठ गावाच्या अलीकडे जिथे दोन्ही अंगांनी भाताची खाचरे लागतात, तिथे ताहेरा एकदम किंचाळली आणि मी मागे वळले. तेवढाच वेळ मी रस्ता सांगितला नाही. डाव्या बाजूला काहीतरी सपकन घासल्याचा आवाज आला. दाजींनी गाडी किंचित उजवीकडे घेतली आणि समाधानाने म्हणाले, "झुडूप दिसतंय. जोतीची पट्टी कामाला आली बघ." मी मागच्या काचेतून पाहिले. घोंगड्याची खोळ घेतलेला एक म्हातारा चरात पडला होता आणि उठता येत नाही म्हणून एका हाताने माती चाचपत होता. मी म्हणाले, "होय, झुडूपच होतं." जोती, हे मी म्हणाले. मागे एक बाई मरत होती, थांबायला वेळ नव्हता, हे खरे आहे. पण थांबायला वेळ नव्हता म्हणून खोटे बोलायलाच हवे होते असे नाही.

ती पट्टी तूच सुचवलीस. गुढीपाडव्याच्या पत्रात त्यांनी विचारले होते की गाडी कडेला फार गेली तर चालवणाऱ्याला आवाजाने कळावे म्हणून मडगार्डला बांबूची कांबट बांधली तर चालेल का. तू उत्तर दिलेस, बांबू मोडेल, जुन्या स्प्रिंगच्या पोलादी पानाची पातळ पट्टी काढून हातभर बाहेर ठेवा. तुझे चुकले असे मी म्हणत नाही. तुला कोणीच काही सांगितले नव्हते. मी हे तुला लिहिणारही नव्हते. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे मागणे तुला समजणार नाही.

परत येताना इस्लामपूरजवळ मॅग्नेटो गेला, ठिणगीच पडेना. दोन बैलजोड्यांनी गाडी ओढून आणली. बैल ओढत होते तरी हे सगळा वेळ स्टिअरिंग धरून बसले होते. गाडीवान म्हणाला, "हवालदार, झोपा की वाईच, आता माझी बैलं हाकत्यात." यांनी अंगठा सुतळीच्या गाठीवर आणखी घट्ट दाबला.

त्या रविवारी मी चालत पेठेच्या रस्त्याला गेले. त्या म्हाताऱ्याचे नाव कोंडीबा. खाचरांच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती आहे. गालावर कानापर्यंत चीर पडली आहे आणि डावे मनगट मोडले आहे. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आहेत. मी कोण असे त्याने विचारले तेव्हा शाळेतली म्हणाले. "आमच्यात शाळंजोगी पोरगी न्हाई बाई," तो म्हणाला, आणि तरी सुनेला चहा टाकायला लावला. भाताची लावणी अर्धी राहिली होती. "गाडीवान असता तर थांबून शिवी तरी दिली असती," तो सांगत होता. "ही मोटार निस्ती ग्येली. चाबकावाणी कायतरी बसलं बघा तोंडावर." मी चहा प्याले. आमचीच गाडी होती, हे माझ्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. नंतर दोन रविवार मी जाऊन त्याच्या सुनेबरोबर चिखलात उभी राहून रोपे लावली. बाईंना हौस आहे, असे ती समजते.

आणि आता नागपंचमी. मंगळवारी पंचवीस तारखेला गावात पाऊल ठेवायला जागा नसेल. मिरवणुकीच्या गाड्या, वाजंत्री, नाग बघायला कठड्यांवर, जोत्यांवर, चाकांच्या मधे घुसलेली पोरे. माझ्या वर्गातल्या सातही मुली त्यात असतील. दाजींनी दरसालप्रमाणे पेठेहून पाहुणे आणायचे कबूल केले आहे, दिवसभरात पाच खेपा. "जोती आला की तासात गाडी चालू करतो," असे मॅग्नेटो बंद पडल्यापासून ते येईल त्याला सांगत होते. पाहुणे भरल्यावर पुढच्या सीटवर मला जागा नसते. पाच खेपा ते एकटे चालवतील.

गाडी गेली तर पुढच्या ताहेराचे काय, हे मला कोणी विचारायची गरज नाही. मी रोज विचारते. तरी मी कोंडीबाचा हात पाहिला आहे, तो मला विसरता येत नाही.

तू खोटे बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुला तसे कोणी केले तेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. तू सतरा वर्षांचा असताना दाजींच्या गाडीत ब्रेकची जुनीच पिन परत घालून नवी घातली म्हणून सांगितलेस. दाजींनी हात उगारला नाही. गाडी सुटायची वाट बघत थांबलेल्या पाची उतारूंपुढे उभे करून प्रत्येकाला सांगायला लावले की ब्रेकात जुनी पिन आहे आणि मी खोटे बोललो. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आसूं दे रं लेकरा, आमी तरी कुठं नवं हाय." सगळे हसले, तू रडलास. त्यानंतर गाडीच्या बाबतीत तू कोणालाच खोटे सांगितले नाहीस. सांगलीत लोक तुझ्याकडे त्यासाठीच येतात.

जोती, मंगळवारी तुझे कार्ड मी त्यांना वाचून दाखवले. त्यात नसलेले वाचले. 'मिरजेपर्यंत सगळीकडे शोधले, लढाईमुळे परदेशी माल येत नाही, मॅग्नेटो मिळाला नाही आणि मिळायची आशा नाही,' असे मी तुझ्या नावाने वाचले. "पुन्यांदा वाच," ते म्हणाले. मी तेच शब्द त्याच क्रमाने पुन्हा वाचले. त्यांनी ताडपत्रीकडे तोंड फिरवले. मग म्हणाले, "जोती म्हणतोय म्हंजे नसंलच," आणि हात पुढे करून कार्ड मागून घेतले. ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. अजून कोणाकडून वाचून घेतलेले नाही. का, ते मला कळत नाही आणि विचारायचा धीर होत नाही. तू शनिवारी जरूर ये. चतुर्थीला तुझ्यासाठी उपास धरीन, पंचमीला माझ्या हातचे जेवून जा. पण मॅग्नेटो सांगलीत ठेवून ये. आणि दाजींच्या समोर बसून, तुझ्या स्वतःच्या तोंडाने, तो मिळाला नाही असे एकदा सांग. तू हे करणार नाहीस. पत्र वाचून होताच तू तो भाग फडक्यात गुंडाळून पिशवीत घालशील, हे मला इथे बसून दिसते आहे. तरी मागते. रिकाम्या हाताने ये.

तुझीच,
अक्का