तळ्याकडची खिडकी

मंगळवार, संध्याकाळ

बंगळुरात बेळ्ळंदूरच्या तळ्यासमोरच घर हवं, हा हट्ट माझाच. आता वास येतो म्हणून तळ्याकडच्या खिडकीला चारी बाजूंनी चिकटपट्टी. गटारासमोर खिडकी काढायची, तिला लेक व्ह्यू म्हणायचं, आणि माझ्यासारखे शहाणे भुलणार! ऑफिस तीन किलोमीटरवर, पोचायला तास. म्हणे शहर!

आज पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. काचेतूनच तिला तळं दाखवलं. त्यावरचा पांढरा फेस बघून म्हणाली, "शी! सोड ते बंगळूर, ये परत."

मी उसळलोच. का, कुणास ठाऊक. "काहीतरीच काय आई! इथली हवा बघ. मे महिन्यातसुद्धा पंखा लागत नाही."

"मग उघड की ती खिडकी."

आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. मग उठून पंखा लावला.