टाइमशीटवरची सही

बाबा, तुमच्या डब्यातला तो गुलाबी कागद मी कोर्टाला दिला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तुम्ही रागावलात तरी मला ऐकू येणार नाही, एवढ्याच धीरावर हे लिहितो आहे.

शाळेच्या सुट्टीत तुम्ही मला मस्कतमधल्या अल् खुवैरच्या रस्त्याच्या कामावर नेलं होतंत. काम संपलं, तुम्ही खोदायच्या मशीनवरून खाली उतरलात. अर्बाब, कामाचा मालक, घाईत होता. "यल्ला, खलास! चावी दो, साइन कल करेगा." तुम्ही चावी मुठीत धरून कामाच्या तासांचं टाइमशीट पुढे केलंत. "पहले साइन, अर्बाब." तो हसत हसत सही करून गेला. परतताना तुम्ही मला म्हणालात, "सही घेतल्याशिवाय चावी सोडूची नाय." दुसऱ्यांचे बाप मुलांना पाढे शिकवत, तुम्ही हे शिकवलंत.

याच सवयीनं तुम्ही मस्कतला येण्याआधी, त्या लढाई चाललेल्या देशात, दोन दिवसांच्या कामावर सही घेतलीत. सैनिक तुम्हाला मशीनसकट रस्त्याच्या कामावरून उचलून एका गावाबाहेर घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा बडा साहेब स्वतः पाहायला आला. काम संपल्यावर बंदुकांसमोर उभे राहून तुम्ही त्याच्यापुढे गावाचं नाव आणि तारीख घातलेलं टाइमशीट धरलंत, आणि त्यानं सही केली. वरचा कागद कंपनीला गेला, कार्बनखालची गुलाबी प्रत तुमच्याकडे राहिली.

आठ वर्षांचा असताना मी त्याच कागदाच्या मागे रंगीत खडूनं विमान काढलं. विमानतळाजवळ अझैबाला गेलो की डोक्यावरून जायचं तसलं. तुम्ही खाडकन कानाखाली दिलीत. आयुष्यात तेवढी एकच. संध्याकाळी नवीकोरी चित्रकलेची वही माझ्यापुढे ठेवलीत आणि आत गेलात.

खरं कळलं ते मी कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा. अल् घुब्राच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही बांगडे साफ करताय. बाहेर टीव्हीवर त्या देशाचा नवा राष्ट्राध्यक्ष भाषण करतोय. तुम्ही मान वर करून पाहता आणि म्हणता, "ह्योच तो, सही करणारो. पयल्या दिवशी खड्डो मारूक सांगल्यानी. माका वाटला, पाण्याचो असात. दुसऱ्या दिवशी तोच बुजवूक सांगल्यानी. वर ताडपत्री होती. एका बाजून चप्पल दिसत होती. बारकी, पोराची. माका कळला, तरी मी बुजवलंय." मग आईच्या खोलीकडे बघून, "आवशीक सांगू नको." मासे केव्हाच धुऊन झाले होते, तुम्ही हातच धूत राहिलात.

यंदा त्याच माणसावर खटला उभा राहिला. म्हातारा झालाय, कोर्टात कानाला हेडफोन लावून बसतो. टीव्हीवर त्याचं म्हणणं सांगितलं, त्या गावात आपण कधी पाऊलच ठेवलं नाही. मी तसाच उठलो आणि डबा काढला.

कोर्टाला कागदाचा पहिला फोटो पाठवला तेव्हा तुमच्या नावावर माझा अंगठा होता. तपास करणाऱ्या बाई व्हिडिओ कॉलवर शांतपणे म्हणाल्या, "नाव झाकलंत तर त्यांचे वकील कागदच खोटा ठरवतील." तुमची नात शेजारी होती. तिनं अडखळत विचारलं, "बाबा, आजोबांनी त्या बॅड लोकांना हेल्प केली का?" मी तिच्यावर ओरडलो. तुमचाच मुलगा मी. नंतर तिला जवळ घेतलं.

शेवटी मूळ कागदच दिला. मागचं विमान कुणाचं, हेही जबानीत सांगावं लागलं. म्हणजे ती थप्पडसुद्धा आता कोर्टाच्या कागदांत आहे. पण खरी अडचण शेवटच्या प्रश्नाची होती: खड्डा कशासाठी आहे हे तुमच्या वडिलांना माहीत होतं का? बंदुकीपुढे माणूस काय करणार, हे मी मनाशी शंभरदा म्हटलं, आणि ते खोटंही नाही. जबानीत तसं लिहिलंही आहे. तरी त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच. तीन दिवस ती जागा कोरी ठेवली. त्या मातीखाली जे आहेत त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असेल, आणि मला काळजी तुमच्या नावाची. लाज वाटली मला.

हे पत्र डब्यात, त्या कागदाच्या रिकाम्या जागी ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या प्रश्नापुढे चौथ्या दिवशी मी आधी 'नाही' लिहिलं होतं. काल ते खोडलं, 'दुसऱ्या दिवशी माहीत होतं' असं लिहिलं, आणि खाली सही केली.