शेंदूर फासलेल्या एन्झाइमची व्यवस्था

मी, उज्वला वाळू देवरे, वय बासष्ट, निवृत्त संशोधक, राहणार इंदिरानगर, नाशिक, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवते. कोणाचे दडपण नाही. भाचा महेश याने आणून पाहिले, जमले नाही.

१) राहते घर महेश व भाची दिशा यांना निम्मे-निम्मे. माझी आई कुसाबाई आहे तोवर ते विकू नये.

२) बैठकीतील सागवानी वस्तू देव नाही. माझा भाऊ, या दोघांचा बाप नाथा, कळवणला गोचीड चावून रक्तस्रावी तापाने गेला. त्या तापाच्या विषाणूकडे एक एन्झाइम असते, म्हणजे कात्रीच. शरीर धोक्याच्या खुणा लावते, ती त्या कापत सुटते. तिच्या खाचेत नेमके बसेल असे औषध मिळाले तर कात्री अडेल. ते शोधण्यात माझी उरलेली नोकरी गेली. सापडले नाही, याचे फार वाईट वाटते.

त्या एन्झाइमची फणसाएवढी प्रतिकृती मी सुताराकडून करवून घेतली होती. मी परिषदेला गेले आणि आईने तिला शेंदूर फासला. हा शत्रू आहे, असे मी ओरडून सांगितले. आई म्हणाली, ताप देते तिलाच पुजावं लागतं. आता निम्मी कॉलनी नवस बोलते.

३) शेजारच्या लताबाईंचा नवसाच्या नारळांवर हक्क नाही. माझा झारा मात्र त्यांनी परत करावा.

४) महेशने देवस्थान उभारू नये, आरती रचू नये. रचून झाली आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्यातील ‘प्रथिनभंजिनी’ हा शब्द शास्त्राला धरून आहे, एवढेच म्हणते.

५) माझे सर्व संशोधन व ती प्रतिकृती दिशाला. ती याच विषयात काम करते. शेंदूर खरवडण्याची अट मी आधी घातली होती, ती रद्द करते. काल जवळून पाहिले. सगळीकडे बोटभर थर, पण खाच कोरी. आईला कारण विचारले.

“तिथं मी हात लावत नाय. नाथाचं औषध बसायचंय ना तिथं?”

तरी दिशा, औषध मिळाले तर त्याच्या आकाराचा सागवानी तुकडा करून आधी आजीच्या हातात दे. बसवेल तीच.

आईला वेगळे काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणाले, आणि साक्षीदार तिलाच व्हायचे होते.

नाशिक, दि. १२ मार्च २०२५
सही: उज्वला वाळू देवरे

साक्षीदार:
१. सुयश पगार, वकील (सही)
२. कुसाबाई वाळू देवरे (डावा अंगठा. शाईचा डबा समोर असूनही शेंदराचा.)