पलीकडच्या बाजूने वाजलेली टाळी

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले. आता खरं तर तुम्हीच मला वाकून नमस्कार करायला हवा. तुम्हाला मनातलं पत्र मी जन्मात लिहिलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि केनवडला आलेलं पत्र शाळेचे मास्तर पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे, म्हणजे तुम्हाला लिहिलं की सगळ्या गावाला लिहिल्यासारखंच. म्हणून माझी सगळी पत्रं एका वळणाची असत. मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, आत्याची कंबर बरी आहे. आज वाचून दाखवायला कुणी नाही आणि ऐकायलाही कुणी नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. हे गेले, पोरं पुण्याला. दुपारी भांडीवाली निघून गेली की संध्याकाळपर्यंत या घरात मीच तेवढी खोकते. मघाशी समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पोरं चपलांचे गोल मांडून फुटबॉल खेळत होती. त्यांचा आरडाओरडा ऐकत बसले आणि तुम्ही आठवलात.

तुम्ही मला न्यायला आला होता तो दिवस. वाशीमला कॉलेज निघून थोडेच दिवस झाले होते. कापसाच्या जिनाच्या जुन्या गोदामात वर्ग भरायचे, नाकात सरकीचा वास बसलेला असायचा, आणि आम्ही चौघी पोरी पहिल्या बाकावर अंग चोरून बसायचो. आत्याकडे राहून मी शिकत होते. आई गेल्यावर तुम्ही एकट्यानं मला वाढवलंत, मळ्यातली वांगी-मेथी बाजारात नेऊन विकलीत आणि लोक काय म्हणतात ते ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलंत. पण मालेगावचं स्थळ सांगून आलं आणि तुम्हीही डगमगलात. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मी ऐकलं. तुम्ही आत्याला म्हणालात, "लय झालं शिकनं. पोरगं चांगलं हाये, वावर हाये. उद्या घेऊनच जातो." आत्या म्हणाली, "मी तं कवाची म्हनून राह्यले." रात्रभर पेटीत एकेक लुगडं ठेवत राहिले, आणि सकाळी तुमच्याकडे एवढंच मागितलं, की आज अकोल्याच्या कॉलेजशी सामना आहे, तो पाहून संध्याकाळच्या मोटारीनं जाऊ.

तुम्ही हसून म्हणालात, "चाल. पाहू तरी तुय्या कालेजात काय शिकवतात."

अकोल्याशी आमचं वैर होतं ते काही नुसतं फुटबॉलचं नव्हतं. कोर्टाचं काम अकोल्याला, मोठा दवाखाना अकोल्याला, लग्नाचा बस्ता अकोल्याला. त्यांची पोरं दर हिवाळ्यात यायची, आमच्या पोरांना लोळवायची आणि संत्री खात परत जायची. त्या दिवशीही सगळं वाशीम मार खाण्याची तयारी करूनच मैदानावर आलं होतं. आम्हा पोरींना प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलामागे बाक मांडला होता. तुम्ही मैदानाच्या पलीकडे, लिंबाच्या सावलीत जाऊन बसलात. तुमचा तो केशरी फेटा मला इकडून स्वच्छ दिसत होता. आपली पोरं कोणती हे तुम्हाला सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही. आपली माणसं काय सांगावी लागतात?

त्यांची पोरं उतरली ती पट्ट्यापट्ट्यांचे सदरे, गुडघ्यापर्यंत मोजे आणि पायात खिळ्यांचे बूट घालून. आमच्या पोरांनी बनियनी एकाच हंड्यात निळ्या रंगवलेल्या, पण कुणाची गडद उतरली होती तर कुणाची धुवट. निम्मे अनवाणी. इंझोरीचा एक पोरगा तर सकाळी वावरातलं काम आटोपून थेट तसाच आला होता, पिंढऱ्यांना माती. तुम्ही रोज ज्यांच्याबरोबर मोट धरायचात त्यांच्यासारखी दिसणारी ती पोरं. आणि बाबा, आपल्यासारखी दिसत होती म्हणूनच तुम्ही त्यांना परकं धरलंत. कॉलेजची पोरं अशी कशी असतील?

हे मला कळलं ते पहिला गोल झाल्यावर. गोल अकोल्याचा झाला. सगळं मैदान मुकं झालं, आणि त्या शांततेत पलीकडे एक माणूस उठून उभा राहिला, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागला. केशरी फेटा. आजूबाजूचे लोक माना वळवून बघत होते, कुणीतरी खडा मारला, तरी तुम्ही आपले वाजवतच आहात. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "कोन हाये वं हा येडा?" मला लाज वाटली, बाबा, आणि पुढच्याच क्षणी त्या लाजेची लाज वाटली. तुम्ही माझ्यासाठीच टाळ्या वाजवत होता. एवढ्या गर्दीत माझ्या कॉलेजच्या बाजूनं आपण एकटेच आहोत असं तुम्हाला वाटत असणार, म्हणून जास्तच जोरानं. उठून मैदानाला वळसा घालून तुमच्याकडे यावं, तर पोरीनं असं बाप्यांच्या गर्दीतून जायची सोय नव्हती.

मग आमच्या पोरांनी बरोबरी केली. मी बाकावर उभी राहून अशी किंचाळले की प्रिन्सिपॉलसाहेबांनी मागे वळून पाहिलं. एकदा तोंड उघडलं ते मग मिटलंच नाही. तिकडे तुम्ही डोक्याला हात लावून बसलेले. सामना संपत आला तेव्हा माझा आवाज पार बसला होता. दुसरा गोल शेवटी शेवटी झाला. त्यांच्या उंच गड्याला चकवून इंझोरीच्या पोरानं धुळीतून अनवाणी पायानं चेंडू लोटला, तो गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून गेला. वाशीमनं अकोल्याला हरवलं! माणसं मैदानात घुसली, डफडी वाजायला लागली, कुठूनसा गुलाल आला. आणि लिंबाखाली तुम्ही जागचे हलला नाहीत.

मी येईपर्यंत तुम्ही उठून त्यांच्या गोलकीपरजवळ गेला होता. ते पोरगं तोंडावर टॉवेल घेऊन जमिनीवर बसलं होतं आणि तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. रस्त्यानं येताना तुम्हीच मला सांगितलंत. "त्याले म्हनलं, रडू नोको बापू. मायी पोरगी तुमच्यातच शिकते. त्यानं टॉवेलातूनच मान हालवली बिचाऱ्यानं." बोलता बोलता तुम्हीसुद्धा गलबलून गेला होता. मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "तुये बी डोये लाल झाले. आवाज बसला. लय रडली काय वं?" मी सांगायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. मी मान हलवली. ती कशी हलवली ते मला आज सांगता येत नाही. तुम्ही ती 'हो' अशीच धरलीत.

आत्याच्या दारात माझी पेटी बांधून ठेवली होती. आम्ही ओसरीवर टेकलो तेवढ्यात जिंकलेल्या पोरांची मिरवणूक गल्लीतून गेली. आत्या करवादली, "काय धिंगाना लावला मेल्याईनं!" तुम्ही म्हणालात, "नाचू दे. जितले ते नाचतीनच." मग बराच वेळ तुम्ही त्या पेटीकडे बघत बसलात. मोटारीची वेळ होत आली होती. मी दाराशी उभी, पदराचं टोक हातात गुंडाळत. एवढ्यात तुम्ही उठून पेटीची दोरी सोडायला लागलात.

आत्या म्हणाली, "काहून सोडता? मोटार निंगून जाईन ना."

"जाऊ दे," तुम्ही म्हणालात. "ज्या घरी सुतक हाये, त्या घरून त्याच दिवशी पोरगी उचलून नेत नसतात. लोक म्हनतीन, हारले तं ही बी गेली. राहू दे तिले परीक्षेपावतर. स्थळवाल्याईले मी सांगतो."

स्थळवाले काही थांबले नाहीत. मी इंटर झाले, पुढे मास्तरीण झाले, माझं लग्नही तुम्ही माझ्या सवडीनं केलंत. हे सगळं आयुष्य मी त्या सुतकावर जगले, बाबा, जे आपल्या घरी पडलंच नव्हतं. उन्हाळ्यात केनवडला आले तेव्हा शेजारच्या काकूनं मला सांगितलं, तुम्ही मला न्यायला निघण्यापूर्वी घराला चुना दिला होता, नवी चूल घालून घेतली होती. "पोरगी येते, पोरगी येते म्हनून गावभर सांगत फिरत होता तुया बाप." आणि तुम्ही एकटेच परत गेलात. त्या पांढऱ्याशुभ्र घरात बसून तुम्ही एकट्यानं काय जेवलात, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. आता सुचतं. एका माणसापुरती भाकरी थापताना रोज सुचतं.

पुढे दर हिवाळ्यात तुमचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "यंदा तरी जितले का वं?" आणि गंमत म्हणजे त्यानंतर आम्ही अकोल्याकडून दर वर्षी हरलोच. मला खोटं बोलायची वेळच आली नाही. "नाही, बाबा," म्हणायचं, आणि तुम्ही म्हणायचात, "हारू दे. टिकून राहा म्हना." शेवटच्या आजारपणातसुद्धा खाटेवरून विचारलंत. कॉलेज सुटून मला कितीतरी वर्षं झाली होती, संघ आहे की मोडला तेही मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नाही." तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

मागे एकदा कॉलेजवाल्यांनी मला बोलावलं होतं. तो सामना पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही म्हणे. शाल दिली, माईक दिला, आणि पोरांनी तो दुसरा गोल सांगायचा हट्ट धरला. मी सांगितला. इंझोरीचा पोरगा, धूळ, अनवाणी पाय, गोलकीपरच्या पायांमधून गेलेला चेंडू, सगळं मघाशी तुम्हाला लिहिलं तसंच. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ते सगळं मी मैत्रिणींकडून ऐकलेलं होतं. बाबा, आम्ही एकदाच जिंकलो, तुमच्यासमोर, आणि तो गोल मी पाहिलेला नाही. मी तुमच्याकडे बघत होते.